पाणपिसवा आणि बानूआत्याची विहीर

समजा, तुमच्यासमोर काचेची एक पट्टी ठेवली आहे. पट्टीवर पाण्याचा एकच थेंब. त्या थेंबात राजगिऱ्याच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा एक जीव आहे आणि तुम्हाला त्याच्या काळजाचे ठोके मोजायचे आहेत. डोळा मायक्रोस्कोपला लावायचा, हातात पेन धरायचं आणि कागदाकडे न बघता प्रत्येक ठोक्याला एक ठिपका देत जायचं. ठोके इतके भराभर पडतात की तोंडानं मोजू गेलात तर बोबडी वळेल, म्हणून हे ठिपके. घड्याळ वाजलं की थांबायचं आणि मग ते मोजायचे. सोपं वाटतं. पण पहिल्यांदा बसणारा माणूस हमखास मोजायचं विसरतो आणि नुसता बघत राहतो.

कारण हा जीव काचेसारखा आरपार असतो. आतला सगळा संसार उघडा. डोक्यात एकच काळा डोळा, तोही सतत थरथरणारा. तोंडापासून वळण घेत गेलेलं आतडं, खाल्लेल्या शेवाळानं हिरवंगार. डोक्याच्या मागे, पाठीला टेकून, बुडबुड्यासारखं काळीज. ते मिटतं, उघडतं, पुन्हा मिटतं. आणि मादी गाभण असेल तर पाठीच्या पोकळीत तिची पिल्लं, त्यांचेही इवले डोळे थरथरताना दिसतात.

बारामतीच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत वैष्णवीनं हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तिच्या कागदावर सुरुवातीला थोडे ठिपके पडले आणि पुढं पेनाची एक भरकटलेली रेघ गेली.

"हा काय नीरा नदीचा नकाशा काढलास का?" शेजारच्या विजयसिंहनं कागद उचलून पाहिला.

"तू एकदा आत बघ. मग बोल."

त्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं. त्याच्या हातातलं पेन हललंच नाही.

हे दोघं बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजनं विद्यार्थ्यांसाठी संशोधनाची एक योजना काढली होती. विषय होता पाण्यातलं विष, म्हणजे शेतातून, गटारातून, घराघरांतून ओढ्या-नदीला काय जातं आणि ते जिवांना किती बाधतं. विजयसिंह कऱ्हाटीच्या उसाच्या घरातला. सुट्टीत शेतात जुंपलं जाऊ नये म्हणून अर्ज केला, असं तो उघड सांगायचा. वैष्णवीचं तसं नव्हतं. ती लहानपणी बादलीतल्या पाण्यात वळवळणारं काहीबाही तासन्‌तास बघत बसायची आणि त्यापायी मार खायची. मुलाखतीत हे काम बघणाऱ्या राजलक्ष्मी मॅडमनी विचारलं, "तुमच्या घरच्या पाण्यात काय काय असेल?" तर ही म्हणाली, "बघितल्याशिवाय कसं सांगू?" मॅडमनी तिथंच तिचं नाव पक्कं केलं.

या आरपार जिवाला पुस्तकात डॅफ्निया म्हणतात. मॅडम पाणपिसू म्हणायच्या. "ही आपली राखणदार," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "पाणी गाळून खाते, म्हणून पाण्यात जे असेल ते थेट तिच्या पोटात जातं. आपल्याला जे दिसत नाही, ते हिला आधी कळतं. हा आपला सगळा कळप एकाच मादीपासून वाढवलाय. नर लागत नाही यांना. सगळ्या आईच्या हुबेहूब नकला."

"म्हणजे लग्नाचा खर्च वाचला," विजयसिंह म्हणाला.

काम असं होतं. ओढ्याचं, कालव्याचं, नदीचं पाणी आणायचं. प्रत्येक पाण्याच्या बीकरमध्ये थोड्या पाणपिसवा सोडायच्या. दुसऱ्या दिवशी किती पोहतायत आणि किती तळाला गेल्यात ते बघायचं. पण या सगळ्यांच्या शेजारी एक बीकर असं लागतं, ज्यातल्या पिसवांना काहीच होता कामा नये. ते पाणी चोख हवं. तेच बिघडलं तर बाकी कशालाच अर्थ उरत नाही. कॉलेजच्या नळाला क्लोरीन, ते चालत नव्हतं. मॅडमनी विचारलं, "कुणाच्या माहितीत अशी विहीर आहे का, जिच्या वरच्या अंगाला शेती नाही?"

वैष्णवीचा हात आधी वर गेला आणि मग तिला कळलं की तो वर गेलाय.

तिचं घर कळंबच्या पुढं माळावर, धनगरांच्या वस्तीत. पाच घरं आणि पाचांमध्ये एक विहीर. तिच्या पणजोबांपर्यंत सगळ्यांचं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं. आजोबांनी कळप विकला आणि ज्या खडकावर मेंढरं बसवायची, तिथंच विहीर काढली. वरती नुसता उघडा माळ, ना ऊस, ना खताची गोणी. ऐन मे महिन्यातही पाणी गोड. विहिरीवर हक्क सांगायचा झाला तर पहिला मान बानूआत्याचा. बानूबाई म्हणजे वैष्णवीच्या वडिलांची थोरली बहीण. विहीर खणताना खडकाच्या पाट्या तिनं डोक्यावर वाहिलेल्या. लग्नानंतर वर्षाच्या आत ती माहेरी परतली ती कायमची. पोरीबाळींना धाकात ठेवणं आणि देवाचं सगळं करणं ही तिची दोन खाती, आणि दोन्हींत ती कुणाला ढवळाढवळ करू द्यायची नाही.

पहिला कॅन वैष्णवीच्या वडिलांनी, आप्पांनी, मोटारसायकलवर बांधून आणून दिला. आत्या तेव्हा जत्रेला गेली होती. त्या पाण्यात पाणपिसवा अशा रमल्या की मॅडमनी सगळा कळपच त्यात हलवायचं ठरवलं. "वैष्णवी, तुमच्या विहिरीचं पाणी म्हणजे औषध आहे," त्या म्हणाल्या. हे वाक्य वैष्णवीनं घरी फोन करून शब्दन्‌शब्द सांगितलं. आत्या म्हणाली, "त्यात काय नवीन? आमी कवाचं सांगतोय."

दुसरा कॅन वैष्णवीनं स्वतः आणला. रविवारी घरी गेली, सोमवारी पहाटे कॅन भरून दारात ठेवला, चहा प्यायली आणि एसटीनं जंक्शन नावाच्या फाट्यावर गाडी बदलून बारामतीला पोचली. त्याच दुपारी नवीन बीकर भरली आणि पिसवा सोडल्या.

मंगळवारी सकाळी ती आली, तर चोख पाण्याच्या बीकरमध्ये सगळ्या तळाला होत्या. ओढ्याच्या पाण्यातल्या उड्या मारत होत्या, कालव्यातल्या पोहत होत्या, आणि तिच्या विहिरीच्या पाण्यातल्या मेल्या होत्या.

तिनं एक पट्टीवर घेतली. काळीज थांबलं होतं. एरवी हिरवं दिसणारं आतडं पिवळं दिसत होतं, पिवळ्या दोऱ्याचा तुकडा ठेवल्यासारखं. दुसरी घेतली. तसंच. मॅडम वाकल्या, बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "काय खाल्लंय यांनी?"

"विहिरीत कुणी फवारणीचा पंप धुतला असेल," विजयसिंह म्हणाला. आमच्या गावात घडलंय, असंही म्हणाला. या वेळी तो चेष्टा करत नव्हता. वैष्णवीला वस्ती आठवली. पाच घरं. त्यात सोपानतात्यांच्या घरी रांगतं पोर. ती बाहेर जाऊन फोनवर म्हणाली, "आप्पा, विहिरीचं पाणी पिऊ नका. कुणालाच पिऊ देऊ नका."

"का गं?"

"पिसवा मेल्या."

आप्पा म्हणाले, "पिसवा मेल्या तर बरंच झालं की."

समजावून सांगितल्यावर मात्र आप्पांनी ऐकलं. संध्याकाळी त्यांनी घरोघर सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून वस्तीवर विकतच्या पाण्याचे जार यायला लागले. सोपानतात्यांनी जार उतरवून घेताना आप्पांना ऐकवलं, "पोरगी शिकली अन्‌ हीर बाटली. आता तिला म्हणावं, परत गोड कर." आणि आत्या? आत्यानं विहिरीच्याच पाण्याचा तांब्या भरला आणि ओट्यावर, सगळ्यांच्या देखत, घटाघटा रिकामा केला. रोज प्यायला लागली.

"माझ्या बापानं हीर काढली तवा पैलं पाणी मेंढरांस्नी पाजलं," ती फोनवर वैष्णवीला म्हणाली. "मेंढरं तगली, आमी तगलो. तुझ्याच पिसवांना काय धाड भरली?"

वैष्णवीला एवढंच दिसत होतं, की आत्या प्रत्येक घोटागणिक तिच्या आणि मॅडमच्या विद्येची परीक्षा घेत होती, आणि ती परीक्षा स्वतःच्या जिवावर घेत होती. विहीर खरंच बिघडली असेल तर आत्या मरेल. नसेल बिघडली, तर मग त्या का मेल्या?

मॅडम म्हणाल्या, "पुन्हा नमुना आण. या वेळी काचेच्या बाटलीत, आणि विहिरीपासून इथपर्यंत बाटली तुझ्या हातातून सोडू नकोस."

ती गेली. भर दुपारी विहिरीच्या काठावर वाकून तिनं दोराला बांधलेली बाटली खाली सोडली, तीन वेळा विसळली, चौथ्यांदा भरून वर ओढली. उन्हात धरली. पाणी लखलखीत. बूच लावायला हात नेला तोच मागून बांगड्या वाजल्या आणि कुणीतरी बाटलीवर बोटं झाडली.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं," आत्या म्हणाली. "जा आता. बघू कशा मरत्यात."

वैष्णवी ओरडणार होती, पण तिची नजर बाटलीवर गेली. बाटलीत भंडाऱ्याची चिमूट पाण्यावर क्षणभर थांबली आणि मग तिची एक बारीक, वळणदार, पिवळीजर्द रेघ खाली उतरत गेली. ही रेघ तिनं पाहिली होती. अशीच वळणदार, एवढीच पिवळी. आरपार अंगाच्या आत.

भंडारा म्हणजे देवाची हळद. धनगराच्या घरातून महत्त्वाचं काही बाहेर निघालं की त्यावर भंडारा पडल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नाही. पूर्वी कळप निघायचा तेव्हा मेंढरांच्या पाठी पिवळ्या व्हायच्या. कळप गेला, पण चिमूट थांबली नाही. आप्पांच्या मोटारसायकलवर पडली, वैष्णवीच्या दहावीच्या हॉलतिकिटावर पडली. भंडारा टाकणारा हात अंगावरून इतक्यांदा गेलेला, की तो कधी कुठं पडला हे घरात कुणाच्या लक्षातही राहत नव्हतं.

"आत्या," वैष्णवीनं विचारलं, "सोमवारी मी चहा पीत होते तवा कॅनमध्ये पण टाकलावता व्हय?"

"टाकणार न्हाय तर काय? घरचं पाणी शाळंत निघालं. त्याच्या आधीचं तुझ्या बापानं म्या नसताना नेलं, तसंच, बोडकं."

"कुठला भंडारा?"

"जत्रंतला. पुडा आणलाय नवा. बग कसा झगझगीत हाय, घरच्या हळदीला असा रंग येतच न्हाय."

प्रयोगशाळेत तिनं सगळ्यात आधी रिकामा कॅन उजेडाकडं धरून तिरपा केला. तळाच्या कोपऱ्यात पिवळा गाळ चंद्रकोरीसारखा बसला होता. कॅन भरलेला असताना वरचं पाणी दिसायला स्वच्छ होतं, म्हणून कुणालाच शंका आली नव्हती. पण बारीक कण पाण्यात तरंगत राहिले आणि पाणी गाळून खाणाऱ्या पिसवांनी ते चारा समजून खाल्ले.

मग तिनं नव्यानं प्रयोग मांडला. आप्पांना सांगून विहिरीचं पाणी परत मागवलं, या वेळी आत्याच्या नजरेआड, आणि सोबत पुड्यातला थोडा भंडारा अन्‌ घरची हळदही. एका बीकरमध्ये ते तसंच. दुसऱ्यात पुड्यातला भंडारा. तिसऱ्यात आत्यानं हळकुंडं दळून केलेली घरची हळद, भंडाऱ्याएवढीच. विजयसिंहनं बीकरवर चिठ्ठ्या चिकटवल्या. तिसऱ्यावर त्यानं लिहिलं, 'आत्या'.

दुसऱ्या दिवशी वैष्णवी दाराबाहेरच थांबली. विजयसिंह आधी गेला आणि आतूनच म्हणाला, "सोपानतात्यांना सांग, जार बंद करा."

नुसत्या विहिरीच्या पाण्यातल्या सगळ्या पोहत होत्या. घरच्या हळदीतल्या बऱ्याचशा जिवंत होत्या. काही सुस्तावल्या होत्या, त्याचीही मॅडमनी नोंद करायला लावली, हळद आपली आहे म्हणून तिला सूट नाही म्हणाल्या. पुड्यातल्या भंडाऱ्याच्या तळाशी पिसवांचा थर होता. वैष्णवी खुर्चीत बसली. दोन हात तोंडावर ठेवून ती बराच वेळ त्या पहिल्या बीकरकडं बघत राहिली. काचेतून उजेड येत होता आणि त्या उजेडात ठिपक्याठिपक्यांनी तिच्या आजोबांची विहीर उड्या मारत होती.

त्यानंतर तिची नजर पिवळ्या बीकरकडं गेली. वरच्या अंगाला काहीतरी हललं.

एक जिवंत होती.

मॅडमनी पुड्यातला थोडा भंडारा पुण्याला तपासायला पाठवला. तिकडून उत्तर आलं की यात हळद नावाला आहे आणि पिवळेपणा शिसं असलेल्या विषारी रंगाचा आहे. शिसं अंगात साठून राहतं, मॅडम म्हणाल्या, आणि मग त्यांनी विचारलं, "तुझ्या आत्या हा फक्त टाकतात, की खातातही?"

आत्या रोज सकाळी देवापुढचा भंडारा कपाळाला लावून उरलेली चिमूट जिभेवर ठेवायची. वैष्णवीला हे माहीत होतं. तिनं स्वतःही लहानपणापासून कितीतरी वेळा खाल्ला होता.

हे घरी कसं सांगायचं, याची वाक्यं ती एसटीत सगळा रस्ता जुळवत होती. देवाच्या वस्तूला विष म्हणायचं, तेही आत्यासमोर. पण आत्यानं सगळं ऐकून घेतलं. पुडा हातात घेऊन उलटसुलट बघितला.

"ह्यो देवाचा न्हाय," ती शेवटी म्हणाली. "ह्यो दुकानदाराचा हाय. देव घरच्या जात्यावरचा मागत व्हता, म्याच झगझगीतला भुलले." मग पुडा खाली ठेवून, "हीर चांगली हाय ना पण?"

"हीर चांगली हाय, आत्या."

"मग तेवढं त्या सोपान्याला तुझ्या त्वांडानं सांग."

रक्त तपासायला मात्र ती सहजासहजी तयार झाली नाही. शेवटी अट घातली. "बारामतीला येते. पर आदी मला ती पिसू दाव, जी माझ्या भंडाऱ्यातनं वाचली."

सकाळी दवाखान्यात रक्त देऊन, दंडाला कापूस दाबून आत्या प्रयोगशाळेत आली. विजयसिंहनं खुर्ची दिली, ती तिनं नाकारली. वाचलेली पिसू वैष्णवीनं वेगळ्या बीकरमध्ये, विहिरीच्या पाण्यात ठेवली होती. तिनं ती अलगद ड्रॉपरनं पट्टीवर घेतली. आत्यानं पदर खोचला, एक डोळा मिटला, दुसरा लावला.

"आगं," आत्या म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "गाभण हाय की ही."

"व्हय."

"पिल्लांचे डोळं दिसत्यात. आईच्या आत हाईत अन्‌ भायेर बघत्यात." ती डोळा काढायला तयार नव्हती. "अन्‌ हे धडधडतंय ते काळीज? एवढ्याशा जिवाला एवढं काळीज दिलंय त्यानं. म्या ह्यांच्यावर भंडारा टाकला गं, वैशे."

"तुमाला कुठं म्हाईत व्हतं?"

"मला न्हवतं म्हाईत, पर हिला कसं म्हाईत?" आत्यानं डोळा काढला. कडेला पाणी होतं ते तिनं पदरानं टिपलं, जणू मायक्रोस्कोपचाच उजेड झोंबला असावा. "हिनं खाल्ला न्हाय व्हय?"

"खाल्ला. पिवळी झाली होती ती पण. सगळ्यांएवढीच."

आत्या खुर्चीत बसली. आता बसली. "कळपात रोग शिरला की असंच व्हायचं," ती म्हणाली. "शेजारशेजारची मेंढरं पडायची, अन्‌ मधीच एखादी उभीच्या उभी. तसली मेंढी माझा बाप इकायचा न्हाय. म्या लहान असताना त्याला इचारलं व्हतं, हीच कशी वाचली?"

"काय म्हणाले?"

"म्हणला, मेंढीलाच इचार."

विजयसिंह हसला. आत्याही हसली, पण वैष्णवी हसली नाही. दवाखान्याचा रिपोर्ट दोन-चार दिवसांत यायचा होता. तिनं नवीन कागद घेतला, पेन उघडलं आणि डोळा लावला. काळीज मिटत होतं, उघडत होतं, ठिपके पडत होते. आता तिची रेघ भरकटत नव्हती. पाठीच्या पोकळीत पिल्लांचे डोळे थरथरत होते. ही एकटीच वाचल्याचं कोडं वर्षभर तरी सुटणार नाही, कदाचित पुढची काही वर्षंही लागतील, हे तिला कळत होतं आणि त्यात तिला आनंदच वाटत होता. तळाला गेलेल्या सगळ्या हिच्याच बहिणी होत्या, एकाच आईच्या, हुबेहूब तशाच. पाणी तेच, बीकर तेच, पोटात पिवळी भुकटीही तेवढीच.

मग हिनं असं काय वेगळं केलं?